पांढऱ्या भुवयांची बाई

डिसेंबरातला पहिला रविवार. सकाळ, नळाला पाणी येऊन गेल्यानंतरची.
हजर: बाबा, आई, मी, आणि जेऊरहून सकाळच्या गाडीनं आलेली माझी धाकटी बहीण.
गैरहजर: माझा नवरा. त्याला भीतीचे सिनेमे चालत नाहीत आणि भीतीची चित्रं तर त्याहून चालत नाहीत.
जागा: आईबाबांच्या घराची पुढची खोली.
विषय: बाबांना हवं असलेलं एक चित्र.

मी एका शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे. कुठलीही बैठक अशी लिहून काढल्याशिवाय मला ती झाली असं वाटत नाही. घरातली असली तरी. धाकटी म्हणते, "ताई, तुझ्या लग्नाचंही इतिवृत्त असेल." आहे. पण तो वेगळा विषय.

बाबांचा उजवा डोळा गेलेला होता. काचबिंदू. डाव्यानं त्यांना दिसायचं, पण नळकांड्यातून बघावं तसं, मधलं तेवढंच. डॉक्टर म्हणाले होते की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही, थेंब मात्र चुकवायचे नाहीत. थेंबांचं वेळापत्रक मी भिंतीवर लावलं होतं. बाबांनी ते कधी वाचलं नाही. आई घड्याळ बघून ओरडायची, ते मान वर करायचे.

त्या रविवारी मी टॅबवर केलेलं माझं नवीन कोलाज त्यांना दाखवत होते. शाळेच्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांवर एकेक रिकामी चप्पल, सगळ्यांची तोंडं खाली, आणि सर्वांत वर चपलेविना दोन ओली पावलं. बाबांनी टॅब नाकाजवळ धरला, मग लांब केला, मग एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरवला. त्यांना चित्र असंच, तुकड्यातुकड्यानं बघावं लागायचं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पन भ्या वाटत न्हाय."

"तुम्हाला कशाचं वाटलंय आजवर?" धाकटी म्हणाली.

बाबांनी टॅब मांडीवर ठेवला. "एकदा वाटलं हुतं," ते म्हणाले. "एका पिक्चरमधी. मी शाळेत हुतो तवा. ते चित्र करशील का? मला दिसतंय तवर कर."

आईच्या हातातलं शेंगा पाखडायचं सूप तसंच राहिलं. आम्ही दोघी बहिणी एकमेकींकडे बघत बसलो. कारण बाबा कधीतरी घाबरले होते, ही आमच्यासाठी बातमी होती.

ती बातमी का होती ते सांगायला हवं. आमच्या आजोबांनी घरातला देव्हारा काढला, त्याच दिवशी भुतंही काढली, असं बाबा अभिमानानं सांगायचे. रविवारी विहारात वंदना व्हायची, घरी पुस्तकं होती, आणि अमुक झाडाखालून जाऊ नका असं आम्हाला कुणी कधी म्हटलं नाही. पण बाबांना एवढ्यावर समाधान नव्हतं. नुसतं भूत नाही म्हणून भागत नाही, पोरींच्या पोटातून भीती काढली पाहिजे, असं त्यांचं मत. म्हणून गावात भीतीचा सिनेमा लागला की ते आम्हाला मुद्दाम घेऊन जायचे. आईसकट.

खरा कार्यक्रम सिनेमा सुटल्यावर असायचा. टॉकीजच्या बाहेर भज्यांची गाडी असायची. बाबा भज्यांचा कागद हातात धरून उभे राहायचे आणि विचारायचे, "कसं केलं असंल?"

ज्याला जे दृश्य सर्वांत भीतीचं वाटलं, त्यानं ते कसं केलं असेल हे सांगायचं. सांगितल्याशिवाय भजं नाही. आम्ही विचार करायचो. मेणबत्ती आपोआप चालत येते, म्हणजे काळ्या दोऱ्यानं बांधलेली. टेबलावर नुसतं मुंडकं, म्हणजे टेबलाला भोक आणि खाली माणूस. धाकटी तेव्हा फार लहान. ती प्रत्येक वेळी "पावडर लावली" म्हणायची आणि तिला प्रत्येक वेळी भजं मिळायचं. आई म्हणायची, "त्या बाईला चार दिस उपाशी ठिवलं असंल, म्हनून तशी बगती. द्या हिकडं."

गड्ड्याच्या जत्रेत भूतबंगल्याचा तंबू यायचा, तिथेही तेच. इतर मुलं किंचाळत बाहेर पडायची. आम्ही आत दोरी कुठून ओढतात ते शोधत उभ्या राहायचो आणि तंबूवाला "ए, चला पुढं!" म्हणून ओरडायचा.

माझा कोलाजचा नाद यातूनच आला असावा, पण सुरुवात झाली ती शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फलकापासून. पाहुण्यांचा फोटो त्यावर घालायचा होता. मागची भिंत पुसून नुसता माणूस ठेवायचा, हे टॅब एका बोटाच्या दाबानं करतो. त्यानं माणूस पुसला आणि हारासाठी पुढे केलेला हात तेवढा ठेवला. पांढऱ्या पडद्यावर एकटा हात, मनगटावर घड्याळ, बोटं अर्धवट उघडी. मी हसले. मग हसू थांबलं. मग तो हात मी उचलून आमच्या कार्यालयाच्या कपाटाच्या फटीत ठेवून बघितला. सही जमलं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट छळते: नेमकं काय केलं की भीती वाटते? कुरूप चेहरा, रक्त, सुळे यांनी फारसं काही होत नाही, हे पहिल्या महिन्यातच कळलं. साधी वस्तू चुकीच्या जागी ठेवली की होतं. शेताच्या मधोमध वर्गातला बाक. नळाखाली भरत ठेवलेली घागर, आणि नळाच्या तोंडातून पाण्याऐवजी वेणी. सावली उलट्या बाजूला पडली, तर बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण तो अस्वस्थ होतो. आणि तुकडा कापल्याची कड दिसली की सगळं संपतं. कोलाजमध्ये एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखे थर असतात. हात एका थरावर, कपाट दुसऱ्यावर, अंधार तिसऱ्यावर. सगळं कसब त्या कडा लपवण्यात. बाबांनी आम्हाला कडा शोधायला शिकवलं होतं. मी आता त्या लपवायला शिकत होते.

टॅबमध्ये मी सामानाची वर्गवारी केली आहे. दारं. हात. पायऱ्या. झाडं. कापड. अंधार. बाजाराला जाताना, विवाहाला जाताना मी सामान गोळा करते. किल्ल्याच्या भिंतीचा दगड, बंद गिरणीची चिमणी, बंद टॉकीजचं गंजलेलं शटर, वळसंगच्या आत्याच्या विहिरीच्या पायऱ्या. अंधाराचे फोटो काढणं सर्वांत अवघड. तो प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, हे आधी मला माहीत नव्हतं.

माणसं मात्र मी घरचीच घेते. परक्याचा चेहरा कापून भूत करणं बरं नाही. धाकटी माझ्या निम्म्या चित्रांत मेलेली आहे. आईचा तरुणपणीचा एक फोटो मी खिडकीत बसवला होता, तर ती म्हणाली, "मी मेल्यावर कर काय ते." आजोबांचा फोटो भिंतीवर आहे, पण त्यांची मिशी इतकी भारदस्त की कुठल्याही चित्रात ते भुतापेक्षा पोलीस पाटील वाटतात. आजीचा फोटोच नाही. बाबा सातवीत असताना ती गेली. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नाही.

तर डिसेंबरातला तो रविवार. मी टॅबवर कोरा पडदा उघडला आणि बाबांना वर्णन विचारलं. ते पलंगावर मांडी घालून बसले आणि डोळे मिटले. मिटल्यावर त्यांना जास्त दिसत असावं.

एक दार. दार उघडं. मागून झगझगीत उजेड. दारात एक बाई. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्याही पांढऱ्या. एक हात वर. डोळ्यांच्या जागी नुसता काळोख. आणि ती काहीतरी शोधते आहे.

"म्हातारी?" मी विचारलं.

"न्हाय. तेच तर. म्हातारी न्हवती. तोंड तरणं हुतं."

मी लिहून घेतलं. दुपारपर्यंत पहिला मसुदा तयार केला. विहिरीजवळच्या देवडीचं दार, मागे निळसर चांदणं, पांढऱ्या केसांची आई, म्हणजे आईचा अलीकडचा फोटो, चेहरा घासून गुळगुळीत केलेला. आईनं बघितलं आणि म्हणाली, "हे ध्यान मी हाय व्हय?" बाबांनी नळकांड्यातून संपूर्ण चित्र फिरून बघितलं.

"आसं न्हवतं."

पुढच्या रविवारी दुसरा मसुदा. "आसं न्हवतं." तिसऱ्या वेळी मी उजेड बदलला, हात बदलला, दार बदललं. बाबा म्हणाले, "दार बरं हाय. बाई न्हवं."

अशानं काम पुढे जात नाही. मूळ कागद बघितल्याशिवाय दाखला देऊ नये, हा कार्यालयाचा नियम. धाकटीला म्हटलं, तो सिनेमाच शोधू. बाबांना नाव आठवत होतं. नाव इथे लिहीत नाही, त्या बिचाऱ्या सिनेमाचा यात काही दोष नाही. धाकटीनं तो तिच्या फोनवर शोधून टीव्हीला जोडला आणि आम्ही चौघं सकाळीच पडदे ओढून बसलो. बाबा टीव्हीच्या इतके जवळ की आईनं त्यांना दोनदा मागं ओढलं.

चांगला सिनेमा होता. ओसाड बंगला, वादळ, गाणं, एक लंगडा नोकर. जिन्यावर मेणबत्ती घेतलेली एक बाई होती, ती बघून मी थांबवलं. "हीच का?"

"ही न्हवं. ही तर नटी हाय."

शेवटपर्यंत बघितला. दारातली बाई आली नाही. बाबा म्हणाले, "कापलंय."

"कोणी?"

"ह्येंनी. लोक लई भ्यायले आसतील. सीन कापला आसंल."

आम्हाला हे पटलं. मला आता त्याचं आश्चर्य वाटतं, पण तेव्हा पूर्ण पटलं. आमच्या घराचा नियमच होता की भीती पडद्यावर असते आणि ती कुणीतरी केलेली असते. बाबांना भीती वाटली, म्हणजे ती सिनेमात होती. आता नाही, म्हणजे कापली. मग मी जानेवारी सगळा त्या कापलेल्या दृश्याच्या मागे घालवला. कुठे लांब प्रत मिळते का बघितलं, जुन्या सिनेमांवर बोलणाऱ्या लोकांना इंटरनेटवर विचारलं. एकानं कळवलं, ताई, असं दृश्य नाही. मी त्याला उत्तर दिलं, आपण ते बघितलेलं नसेल.

मध्ये बाबांची तपासणी झाली. डॉक्टरांनी नवे थेंब दिले आणि आईला बाजूला घेऊन काही सांगितलं. आई घरी येऊन भाकरी थापत बसली. गरजेपेक्षा कितीतरी जास्त थापल्या. शेवटी कडक भाकरीला ठेवून दिल्या. मी विचारलं तर म्हणाली, "ते चित्र उरक. बाकीचं मला इचारू नगंस."

फेब्रुवारीतला एक रविवार. सकाळ. हजर: तेच. मी सहावा की सातवा मसुदा आणला होता. बाबांनी तो बघितला नाही. म्हणाले, "मी सांगतो, तू लिही. सगळं सुरवातीपास्नं." आवाजात घाई होती. मी वही नाही, टॅबवरच यादी लिहीत गेले.

उजेड. "चांदनं न्हवं. ऊन. पिवळं ऊन, उनाळ्यातलं."

दार. "लाकडी, दोन फळ्यांचं. वरनं जाड पडदा. काळा."

हात. "वर. पडद्याला लावलेला."

केस. "पांढरे, पन बांधलेले. अंबाडा."

लुगडं. "हिरवं. काठ लाल."

मी लिहिलं. हिरवं, काठ लाल. आणि पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

धाकटी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "ताई," ती म्हणाली.

"थांब जरा."

"ताई, हिरवं कसं? पिक्चर काळापांढरा होता ना?"

मी यादीकडे बघितलं. पिवळं ऊन, हिरवं लुगडं, लाल काठ. सगळं आम्ही बघितलेल्या त्या करड्या सिनेमात. इतके आठवडे मी कडा शोधत होते आणि ती इथे होती. दोन थरांमधली कड. सिनेमा एका थरावर, बाई दुसऱ्यावर. बाई सिनेमातली नव्हतीच.

बाबांनी डोळे उघडले. मग खूप जुन्या सवयीनं, भज्यांचा कागद हातात असल्यासारखा पंजा पुढे धरून, अगदी हळू म्हणाले, "कसं केलं असंल?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओला हात पदराला पुसत ती म्हणाली, "गिरनीतली बाई हाय ती."

"काय?"

"तरणं तोंड अन् पांढऱ्या भुवया. गिरनीतली बाई. आमच्या चाळीतल्या बाया सुटल्यावर अशाच यायच्या. कापसाची रुई उडती की तितं. केसात, भुवयात, पापन्यात, सगळीकडं. आमी पोरी त्यांना म्हातारी आली, म्हातारी आली म्हनून चिडवायचो. माझी मावशी तशीच यायची, दारात पदर झटकायची अन् मग आत."

बाबा ऐकत होते. आईला हे सगळं माहीत होतं आणि इतके रविवार तिनं चित्राकडे नीट बघितलंही नव्हतं, "ते ध्यान" म्हणून. आणि आम्ही तिला विचारलंही नव्हतं.

"दिवे गेले हुते," बाबा म्हणाले. मग थोडं थोडं सांगू लागले. दुपारचा खेळ. शाळा बुडवून गेलेले. पुढच्या बाकड्यावर. ओसाड बंगल्यात वादळ सुरू झालं आणि तेवढ्यात दिवे गेले, पडदा काळा झाला, पंखे थांबले. उन्हाळा, माणसं गच्च भरलेली. गुदमरायला लागल्यावर डोअरकीपरनं बाजूचं दार उघडलं. आणि त्या उन्हात ती उभी.

"हात वर का, ते आता कळलं," मी म्हटलं. "पडदा धरलेला. दाराचा जाड पडदा वर उचलून धरलेला तिनं. आत बघायला."

"अन् डोळे?" धाकटीनं विचारलं.

"उजेड मागून. चेहरा अंधारातच दिसणार." हे मला कोलाजमुळे माहीत होतं. मागून उजेड दिला की डोळ्यांच्या जागी खोबण्या होतात. कितीतरी चित्रांत मी मुद्दाम केलं होतं.

मग बाबांनी ते सांगितलं, जे त्यांनी इतके आठवडे सांगितलं नव्हतं.

"तिनं हाक मारली हुती. माझं नाव घिऊन."

"बाबा! आधी का नाही सांगितलं? सिनेमातली बाई तुमचं नाव कशी घेईल?"

"म्हनून तर," ते म्हणाले. "भुतानं आपलं नाव घेतलं, हे कुनाला सांगायचं? आपल्या घरात भूत न्हाय." ते हसले, पण हसू नीट आलं नाही. "घरचं नाव घेतलं. लहानपनीचं. ते आता कुनाला ठाऊक न्हाय."

आईलाही ठाऊक नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मग तुम्ही काय केलं?" धाकटीनं विचारलं.

"बाकड्याखाली गेलो. मानसांच्या पायात. दिवे आले, पिक्चर सुरू झाला, तवा वर आलो. दार बंद हुतं."

"आणि घरी?"

"घरी काय. आई न्हाऊन बसली हुती. केस काळे. रोज मी शाळंतनं यायच्या आत ती गिरनीतनं यून न्हायची, तशी पांढरी मी तिला कदी बगितलीच न्हवती. मला जेवाय वाढलं." मग ते म्हणाले, "कुटं हुतास म्हनून इचारलं. मी म्हनलं, शाळंत. ती काय बोलली न्हाय."

मी टॅब बाजूला ठेवला. एवढं मला कळत होतं की आता हे चित्र भीतीचं राहिलं नव्हतं, पण ते करायचं कसं हे मला फक्त भीतीच्याच पद्धतीनं येत होतं. दारं, हात, अंधार, मागून उजेड. सामान तेच होतं.

बाबा म्हणाले, "आता नीट कर."

पुढचा रविवार आम्ही तयारीला दिला. आईकडे हिरवं लुगडं होतं, काठ लाल नव्हता, तो मी नंतर रंगवणार होते. धाकटीला ते नेसवलं आणि मागच्या दारात उभं केलं. सकाळचं ऊन तिथे सरळ येतं. पडद्यासाठी सोलापुरी चादर लावली, काळी नव्हती, निळी चालली. आईनं जुन्या उशीची शिवण उसवली आणि कापूस बोटांनी पिंजायला बसली. मग तो धाकटीच्या केसांवर, भुवयांवर फुंकून फुंकून बसवला. धाकटी शिंकायची की सगळा खाली.

"शिंकू नगंस गं!"

"आई, नाकात जातोय!"

"त्या बाया रोज खायच्या त्यो. तुला एक दिस जड झाला?"

मी फोटो काढत होते. बाबांना खुर्चीवर बसवलं होतं, धाकटीच्या बरोबर समोर. अंतर त्यांनीच ठरवलं, नळकांड्यात पूर्ण बाई मावेल एवढं. धाकटीनं चादर एका हातानं वर धरली, आम्ही सांगितल्याप्रमाणे डोळे मोठे केले, मान तिरकी केली. भुताचं काम तिनं खूपदा केलेलं आहे.

"तसं न्हवं," बाबा म्हणाले. "मान सरळ. डोळे कशाला वटारतीस? ती दमलेली हुती. कामावरनं आलेली. हात जड कर."

धाकटीनं मान सरळ केली. खांदा थोडा पडला. चादर धरलेला हात कोपरात वाकला. वाऱ्यानं थोडा कापूस उडाला आणि उन्हात तरंगत राहिला.

बाबा बघत होते. त्यांनी डोकं एकदाही हलवलं नाही, म्हणजे त्यांना सगळं एकदम दिसत होतं. आईनं फुंकणं थांबवलं. मीही फोटो काढायचं थांबवलं, पण आधीचे भरपूर झाले होते.

मग त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या उजवा हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा. थोड्या वेळानं हात खाली घेतला आणि मला म्हणाले, "पुढच्या बाकड्यावर एक हात दाव. वर केलेला. पोराचा."

"तुमचाच घेऊ? लहान करून?"

"घे की."

मार्च अखेर. चित्राची स्थिती लिहून ठेवते.

ऊन झालं. दार झालं, ते बंद टॉकीजचं आहे, शटरच्या आतलं दार वॉचमननं बघू दिलं. पडदा काळा केला. लुगड्याचा काठ लाल केला. कापूस सर्वांत अवघड गेला. एकेक तंतू वेगळ्या थरावर ठेवला आणि काही हवेत सोडले. बाकडी, माणसांच्या पाठी, सगळी काळोखात. पुढच्या बाकड्यावर बाबांचा हात, लहान केलेला. सुरकुत्या पुसायला बोट ठेवलं आणि मग पुसल्या नाहीत.

बाबांनी परवा बघितलं. आता टॅब डाव्या डोळ्याला अगदी टेकवावा लागतो. हात बघितला, पदर बघितला, हवेतला कापूस बघितला. चेहऱ्यापाशी आले आणि थांबले. तिथे अजून धाकटीचा आहे, काळोखी चढवलेला.

"नाक आसं न्हवतं," ते म्हणाले. कसं होतं ते त्यांना सांगता येत नाही. पापण्या पांढऱ्या, एवढंच येतं.

वळसंगची आत्या बाबांची चुलत बहीण. लहानपणी दोन वर्षं बाबांच्याच चाळीत होती, आजीच्या हातचं जेवलेली. तिला फोनवर विचारलं तर ओरडून म्हणाली, "फोनवर नाक कसं सांगू गं? ये हिकडं. बोटानं दावते."

राहिलं: चेहरा. वळसंगला जायचं, येत्या रविवारीच, बाबांना घेऊन. सोबत टॅब, चार्जर, थेंब.